लांबचा प्रवास आणि जुनी फटफटी

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांतून एक वाद वरचेवर ऐकूं येऊं लागला आहे. मुलगा महाविद्यालयांतून बाहेर पडून नोकरीस लागतो न लागतो तोंच त्याच्या मनांत फटफटीवरून हिमालय पाहून येण्याची, निदान पुण्याहून कन्याकुमारी गांठण्याची इच्छा उत्पन्न होते. आणि अलीकडे ही इच्छा मुलींच्याहि मनांत तितक्याच जोरानें उत्पन्न होते, ही आनंदाची गोष्ट आहे. वडील म्हणतात, "एवढा खर्च आतां झेपावयाचा नाहीं. आधीं स्थिरस्थावर व्हा, मग पाहूं." मुलें म्हणतात, "खर्चाचें काय, हप्त्यानें घेऊं." वडिलांचा हिशेब आणि मुलांचा हट्ट यांत जमीनअस्मानाचें अंतर दिसतें खरें; परंतु बारकाईनें पाहणारास असें आढळून येईल कीं, एका गोष्टीविषयीं उभयतांचें पूर्ण एकमत आहे. ती गोष्ट ही कीं, लांबच्या प्रवासाला अडीच-तीन लाखांची, उंच, भारदस्त, चारशें सी. सी. ची नवी गाडी हवीच हवी. आमचें भांडण वडिलांशीं नाहीं आणि मुलांशींहि नाहीं. तें या एकमताशीं आहे. हें मत खोटें आहे, इतकेंच नव्हे तर घातुक आहे, असें आम्हांस वाटतें, आणि तें सप्रमाण दाखविण्याकरितां हा लेख लिहीत आहों.

घातुक म्हणण्याचें कारण उघड आहे. हें मत ज्यानें एकदां मनांत घेतलें त्याला दोनच वाटा उरतात. एक तर तो घरीं बसतो, किंवा कर्ज काढतो. कर्ज काढलें म्हणजे हप्ते आले. हप्ते आले म्हणजे नोकरींतील रजा मागण्याची छाती कमी झाली. आणि ज्या पैशांत तीन वर्षें दरसाल महिनाभर देश हिंडून होता आला असता, तो सारा पैसा गाडी दारांत उभी करण्यांतच संपला. मग ती पर्वत ओलांडण्यासाठीं घेतलेली गाडी रविवारीं सकाळीं महामार्गावरच्या मिसळीच्या दुकानापर्यंत जाते आणि दुपारच्या आंत परत येते. वरसईचे विष्णुभट गोडसे, ज्यांचा 'माझा प्रवास' आमच्या वाचकांस परिचित आहे, ते घरचें कर्ज फिटावें म्हणून १८५७ सालीं पायीं उत्तर हिंदुस्थानांत गेले. आजचा तरुण प्रवास घडावा म्हणून कर्ज काढतो, आणि प्रवास मात्र घडत नाहीं. याला प्रगति म्हणावयाचें कीं काय, हें वाचकांनींच ठरवावें.

आतां लांबचा प्रवास गाडीजवळ काय मागतो तें पाहूं. सामान्य मनुष्य दिवसाकाठीं अडीचशें, फार तर तीनशें किलोमीटर जातो. त्याहून अधिक जाणारा प्रवास करीत नसून टपाल पोंचवीत असतो. एवढें अंतर कापण्यास ताशीं पन्नास-साठचा वेग पुरा होतो, कारण वाटेंत गांवें आहेत, गुरें आहेत, घाट आहेत, आणि चहाहि आहे. हा वेग स्प्लेंडरसारख्या ९७.२ सी. सी. च्या, सुमारें आठ अश्वशक्तीच्या इंजिनाला दिवसभर बिनतक्रार देतां येतो. यापलीकडची शक्ति विकत घेणारा माणूस ती बहुतेक वेळ निजवूनच ठेवतो. ज्या रस्त्यांवर अशी शक्ति खरोखर उधळतां आली असती, त्या मुंबई-पुणें द्रुतगति मार्गासारख्या रस्त्यांवर दुचाकीस मुळीं प्रवेशच नाहीं. मग ती शंभर सी. सी. ची असो कीं हजाराची.

दुसरी मागणी वजनाची. दूरच्या वाटेवर गाडी पडणें हा अपघात नव्हे, नित्यक्रम आहे. वाळू, चिखल, नाल्यांतले गुळगुळीत गोटे, आणि थकलेला पाय यांपैकीं कोणीतरी एक दिवसांतून एकदां दगा देतोच. अशा वेळीं सुमारें एकशें दहा किलोची गाडी एकटा माणूस दोन शिव्या देऊन उभी करतो. जवळजवळ दोनशें किलोची, वर पत्र्याच्या पेट्या लादलेली गाडी उभी करावयास तो वाटसरूची वाट पाहत बसतो. जाहिरातींत ही गाडी नाल्यांतून उडतांना दाखवितात. ती पडल्यावर कोणी उचलली, तें मात्र चित्रांत येत नाहीं.

परंतु तिसरी मागणी या दोहोंहून मोठी आहे, आणि आमच्या प्रतिपादनाचा सारा भार तीवरच आहे. गाडी बंद पडेल कीं नाहीं, हा खरा प्रश्न नव्हे. मनुष्यानें केलेलें प्रत्येक यंत्र केव्हांतरी बंद पडतेंच. खरा प्रश्न असा कीं, ती बंद पडेल तेथें तिला ओळखणारा कोण आहे? हीरो होंडाची सी. डी. १०० ही गाडी १९८५ सालीं निघाली, स्प्लेंडर १९९४ सालीं. दोन्ही कंपन्यांची भागीदारी पुढें मोडली, २०११ पासून कंपनीचें नांवहि बदललें. परंतु तें इंजिन तेंच राहिलें, आणि दूधवाला, शिक्षक, तलाठी, शेतकरी या सर्वांच्या दारीं तें पोंचलें. त्यामुळें बेतूल, बस्तर किंवा बारमेर, कोठेंहि जा, कडुनिंबाखालीं टपरी टाकून बसलेल्या मिस्त्रीला तें डोळे मिटून उघडतां येतें. हें सारें ज्ञान देशभर पसरून पडलें आहे आणि त्यासाठीं आपणांस एक पैहि मोजावी लागत नाहीं. महाग गाडी घेणारा हें फुकटचें धन टाकून देतो, आणि त्याच्या बदल्यांत एका दूरध्वनि-क्रमांकावर विसंबतो.

येथें स्वतःचा अनुभव सांगितल्यावांचून राहवत नाहीं. चार वर्षांपूर्वीं आम्ही सातपुडा ओलांडून उत्तरेकडे जात होतों. आमच्याखालीं नऊ वर्षांची जुनी, दोन मालकांच्या हाताखालून गेलेली शंभर सी. सी. ची गाडी होती. सोबत्याजवळ नवी, महागडी गाडी होती, आणि आमच्याविषयीं त्याच्या मनांत एक प्रकारची भूतदया होती. तिसऱ्या दिवशीं एका बाजाराच्या गांवीं आमच्या क्लचची तार तुटली. मिस्त्रीनें भिंतीवरच्या खिळ्याची एक तार काढली, आणि आमचा चहा संपावयाच्या आंत गाडी चालूं केली. पांचव्या दिवशीं सोबत्याच्या गाडीवर एक पिवळा दिवा लागला आणि इंजिन मुकें झालें. कोठें कांहीं तुटलेलें दिसेना, कोठें कांहीं गळेना. तीन गांवांचे मिस्त्री येऊन पाहून गेले. त्यांच्यांतला एकहि अडाणी नव्हता, पण त्या गाडीचें दुखणें सांगणारें यंत्र त्यांच्यापाशीं नव्हतें. अखेर टेंपोंत घालून ती जिल्ह्याच्या गांवीं नेली. तेथें असें कळलें कीं, एक अंगठ्याएवढा भाग मोठ्या शहरांतून मागवावा लागेल. तो भाग येण्यास आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत आम्ही नर्मदाकांठ हिंडून आलों, आणि सोबती एका लॉजच्या खोलींत छताचा पंखा पाहत पडून राहिला. गाडी वाईट होती काय? मुळींच नाहीं. ती उत्तम गाडी होती. फक्त ज्या मुलखांतून ती जात होती त्या मुलखाची ती नव्हती.

कोणी म्हणेल, एका उदाहरणानें काय सिद्ध होतें? तर इतिहासाकडे पाहूं. १९२३ सालीं मुंबईहून सहा पारशी तरुण साध्या सायकलींवर जगप्रवासास निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे तिघे सुमारें ७१,००० किलोमीटरांची पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९२८ सालीं परतले. त्यांच्या वाहनाला एकहि अश्वशक्ति नव्हती. १९५२ सालीं अर्जेंटिनाहून अर्नेस्टो गेव्हारा आणि त्याचा मित्र आल्बेर्तो ग्रानादो हे पांचशें सी. सी. ची जुनी नॉर्टन घेऊन दक्षिण अमेरिका पाहण्यास निघाले. त्या गाडीचें नांव त्यांनीं 'ला पोदेरोसा' म्हणजे बलशालिनी असें ठेविलें होतें. ही बलशालिनी चिलीमध्यें कायमची बसली, आणि पुढचा सारा प्रवास, म्हणजे ज्या प्रवासानें गेव्हाराचें आयुष्य बदललें तो प्रवास, त्या दोघांनीं पायीं, मालमोटारींवर आणि बोटींतून केला. २००४ सालीं इवन मॅकग्रेगर आणि चार्ली बूर्मन हे दोघे नट मोठ्या लवाजम्यानिशीं लंडनहून पूर्वेकडून न्यूयॉर्कला गेले. गाड्या बी. एम. डब्ल्यू. च्या, साडेअकराशें सी. सी. च्या. मंगोलियांत त्यांच्या छायाचित्रकाराच्या गाडीनें दगा दिला, तेव्हां ती मालमोटारीवर चढवून पुढें पाठवावी लागली, आणि त्या गृहस्थाकरितां तेथेंच एक स्वस्त रशियन बनावटीची 'इझ' गाडी विकत घ्यावी लागली. ती कांहीं निर्दोष नव्हती. परंतु त्या मुलखांतील माणसांस ती ठाऊक होती. आमचा मुद्दा याहून वेगळा नाहीं.

जगांत सर्वांत अधिक खपलेली मोटारसायकल कोणती? १९५८ सालीं निघालेली होंडाची सुपर कब. २०१७ पर्यंत तिच्या दहा कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या, आणि आरंभीं तिचें इंजिन अवघें पन्नास सी. सी. चें होतें. आमच्याच आकुर्डीच्या बजाज कंपनीची बॉक्सर ही लहानशी गाडी युगांडा, केनया, नायजेरिया या देशांत भाड्यानें माणसें वाहून नेण्याचें काम वर्षानुवर्षें करीत आली आहे, आणि तेथील कित्येक रस्ते आमच्या लाहौलच्या रस्त्यांस लाजवितील असे आहेत. वाचकांनीं आम्ही कोणा कंपनीचे दलाल आहों असा समज करून घेऊं नये. नवी गाडी विकणारास आमच्या या लेखापासून कवडीचाहि लाभ होण्यासारखा नाहीं.

परदेशाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगून ठेवतों. इराणसारख्या देशांतून स्वतःची गाडी न्यावयाची झाल्यास 'कार्ने' नांवाचा जकातीचा कागद मोटारवाल्यांच्या मान्यताप्राप्त संस्थेकडून घ्यावा लागतो, आणि त्यासाठीं जी रक्कम तारण ठेवावी लागते ती गाडीच्या किंमतीवरून ठरते. म्हणजे गाडी जितकी महाग, तितका पैसा अधिक अडकला. चोरी, पूर, अपघात यांचेंहि तसेंच. चाळीस-पन्नास हजारांची गाडी गेली तर मनुष्य दोन दिवस हळहळतो आणि रेल्वेनें पुढें जातो. तीन लाखांची गाडी उभी असली म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यांतहि त्याचें लक्ष बाहेरच्या कुलपाकडे असतें. ज्या वाहनामुळें मनुष्य त्याचा पहारेकरी होतो, तें त्याला मोकळा कसा करणार?

आतां प्रतिपक्षाचे आक्षेप घेऊं, आणि त्यांतले दुबळे सोडून बळकट तेवढेच घेऊं. पहिला आक्षेप हिमालयाचा. मनालीहून लेहला जातांना तांगलांग ला ही खिंड सुमारें ५,३०० मीटरांवर आहे. तेथें हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. इंजिनाला श्वास पुरत नाहीं, आणि आठ अश्वशक्तीचे चारच घोडे उरतात. हें अक्षरशः खरें आहे. कार्ब्युरेटरच्या गाडींत पेट्रोलाचें प्रमाण हवेच्या मानानें वाढतें, सकाळीं सुरू होण्यास ती कुरकुरते, आणि त्या बाबतींत पेट्रोल मोजून सोडणाऱ्या नव्या पद्धतीचें इंजिन सरस ठरतें, हेंहि आम्हांस मान्य आहे. परंतु त्यावरून सिद्ध काय झालें? एवढेंच कीं, एकटा माणूस, बेताचें सामान, पहिला-दुसरा गियर आणि ताशीं पंधरा-वीसचा वेग. शिवाय चढ हा संबंध प्रवासाचा किती भाग? पुण्याहून लेह सुमारें चोवीसशें किलोमीटर. त्यांत खिंडींचे खरे अवघड चढ फार झाले तर शे-दीडशें किलोमीटर भरतील. त्यांतून ऑक्टोबर १९२० नव्हे, २०२० सालीं रोहतांगखालचा नऊ किलोमीटरांचा अटल बोगदा खुला झाल्यापासून ती एक खिंड तर टाळतांहि येते. या थोड्या चढांसाठीं उरलेली सारी वाट दोनशें किलोचें ओझें वाहणें म्हणजे एका पावसाळी दिवसासाठीं वर्षभर इरलें घालून हिंडण्यासारखें आहे.

त्याच वाटेवर टांडीच्या पेट्रोलपंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरांवर असल्याची पाटी अनेक वर्षें होती, आणि ती पाहून भल्याभल्यांची छाती दडपत असे. लिटरास पन्नास-साठ किलोमीटर जाणाऱ्या, दहा लिटरांची टांकी असलेल्या आमच्या गरीब गाडीस तेवढें अंतर एकदां टांकी भरून जातां येतें. अर्थात् उंचावर पेट्रोल अधिक लागतें म्हणून दोन लिटर जवळ ठेवावें. या व्यवहारांत सर्वच कांहीं फुगवून सांगण्याची रीत पडली आहे. पर्वतहि त्यांतून सुटले नाहींत. खारदुंग ला येथें १८,३८० फुटांची पाटी वर्षानुवर्षें झळकत होती, आणि नीट मोजल्यावर ती उंची ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या थोडी वर भरली. खिंडीचें सौंदर्य त्यानें रतिभरहि उणें झालें नाहीं. तसेंच प्रवाशाचें आहे. त्याच्या खालचें इंजिन लहान असलें म्हणून त्यानें पाहिलेला देश लहान होत नाहीं.

मात्र एक मर्यादा आम्ही आपण होऊन घालतों. दोघांनीं, सामानासह, शंभर सी. सी. च्या गाडीवर त्या खिंडी चढूं नयेत. दोघांस जावयाचें असेल तर दीडशें सी. सी. ची गाडी घ्यावी. २००१ सालीं निघालेली पल्सर आणि तिच्या बरोबरीच्या गाड्या जुन्या बाजारांत मुबलक आहेत, आणि मिस्त्र्यांस त्याहि तितक्याच परिचित आहेत.

दुसरा आक्षेप जिवाच्या सुरक्षिततेचा. तो वडील मंडळींचा आहे, आणि त्याचा उपहास करणें हा शुद्ध मूर्खपणा होईल. हलकी गाडी महामार्गावर मालमोटारीच्या वाऱ्यानें हेलकावते. झटकन् पुढें निघून जाण्याइतकें बळ तिच्यांत नसतें. जुन्या गाडीचे ब्रेक कसे असतील याचा नेम नसतो. यावर आमचें उत्तर असें : जी शक्ति संकटांतून बाहेर काढते म्हणून सांगतात, तीच शक्ति बहुधा संकटांत नेऊन घालते. ज्यास पुढें निघून जातां येत नाहीं तो मागें थांबावयास शिकतो, आणि रस्त्यावर मागें थांबणें ही अर्धी विद्या आहे. रात्रीं गाडी हांकूं नये. मोठा महामार्ग सोडून समांतर राज्यमार्ग धरावा. देशहि तेथूनच दिसतो. आणि जेथें पैसा खर्च करावयाचा तेथें हात आंखडूं नये. दोन नवे टायर, ब्रेकचे नवे पट्टे, पुढचा मागचा चांगला दिवा आणि डोक्यास बरोबर बसणारें उत्तम हेल्मेट यांवर केलेली काटकसर ही काटकसर नव्हे, आत्मघात आहे. तीन लाखांच्या गाडीवर सातशें रुपयांचें हेल्मेट घालणारे शूर आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत.

तिसरा प्रतिपक्ष आमच्याच बाजूचा वेष घेऊन येतो, म्हणून त्याच्यापासून अधिक सावध राहिलें पाहिजे. तो म्हणतो, "जुनी गाडी हवी ना? मग जुनी बुलेट घ्या, येझदी घ्या, नाहींतर आर. एक्स. १०० घ्या. काय तो आवाज! काय तें पोलाद!" वाचकहो, जुनी गाडी आणि पुराणवस्तु यांत भेद आहे. मैसूरची मूळ येझदी १९९६ सालीं बंद पडली, यामाहाची आर. एक्स. १०० ही त्याच सुमारास. आज त्यांचे सुटे भाग शोधणें हा एक स्वतंत्र छंद झाला आहे, आणि शोकीनांच्या स्पर्धेमुळें त्यांच्या किंमतीहि अवाच्या सव्वा चढल्या आहेत. मद्रासची जुनी, ओतीव लोखंडी इंजिनाची बुलेट ही मायाळू गाडी खरी. पण ती रोज मालकाकडून सेवा मागते. ज्याला गाडीवर प्रेम करावयाचें आहे त्यानें ती खुशाल घ्यावी. ज्याला प्रवास करावयाचा आहे त्यानें तिला दुरून नमस्कार करावा. आम्ही स्वस्त व जुनी म्हणतों ती गाडी आजहि रस्त्यावर शेंकड्यांनीं दिसणारी असली पाहिजे. सुंदर नसली तरी चालेल.

तर मग निवड कशी करावी? थोडक्यांत सांगतों. एकट्यासाठीं शंभर ते सव्वाशें, दोघांसाठीं दीडशें सी. सी.; बनावट २०१५ ते २०१९ या वर्षांतली. कारण, एप्रिल २०२० पासून धुराचे नियम कडक झाल्यामुळें नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहींसा झाला. आणि खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असून पुढें दर पांच वर्षांनीं ती नवी करावी लागते, तेव्हां कागदाचीं थोडीं वर्षें हातीं राहावीं. दीडशेंची २०१९ ची मिळाल्यास उत्तम, कारण त्या वर्षीं एप्रिलपासून सव्वाशेंच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीस चाक न अडखळूं देणारा ए. बी. एस. ब्रेक सक्तीचा झाला. अशी गाडी सामान्यतः पन्नास हजारांच्या आंत-बाहेर मिळते.

पाहावयास जातांना मालकास आधींच सांगून ठेवावें कीं, इंजिन तापवून ठेवूं नका. गेल्याबरोबर त्यावर हात ठेवून पाहावा. ऊन लागलें तर कांहीं लपविलें आहे असें समजावें. थंड इंजिन दोन-तीन किकांत लागलें पाहिजे. धूर निळा दिसला तर तें तेल खात आहे. किलोमीटरचा आंकडा खोटा करतां येतो. पाय ठेवण्याचें व किकचें रबर खोटें बोलत नाहीं, तें झिजून गुळगुळीत झालें असेल तर वीस हजारांच्या आंकड्यावर विश्वास ठेवूं नये. पुढचें चाक उचलून हँडल सावकाश फिरवावें. मध्यें कोठें अडकलें तर बॉल-रेसर गेले. ओल्या जमिनीवरून गाडी सरळ ढकलून दोन्ही चाकांचे माग पाहावे. ते एकावर एक न पडल्यास ती जबर आपटलेली आहे. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी जुना टायर तो जुनाच. शेवटीं इंजिनाचा व चासीचा क्रमांक कागदाशीं ताडून पाहावा, कर्जाचा बोजा उतरला आहे ना, दंडाच्या पावत्या थकल्या नाहींत ना, विमा चालूं आहे ना हें पाहावें, आणि नांवावर करून घेतल्याशिवाय गांवाची वेस ओलांडूं नये. नमुना २९ व ३० यांवर सह्या घेऊन कागद खिशांत ठेवणें म्हणजे गाडी नांवावर होणें नव्हे.

यानंतर किंमतीच्या चौथाईइतका पैसा दुरुस्तीसाठीं राखून ठेवावा. तेल, प्लग, तारा, चेन-स्प्रॉकेट, चाकांचे बेअरिंग, ब्रेक, टायर व ट्यूब हें सारें नवें घालावें. आणि तें घालतांना मिस्त्रीजवळ स्वतः बसावें. मग दोन महिने त्याच गाडीनें कचेरींत जावें, एकदां माळशेज चढून यावा, एकदां कोंकणांत उतरून यावें. या दोन महिन्यांत जी ओळख होते ती कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहीं. गाडीचा नेहमींचा आवाज ज्याच्या कानांत बसला, त्याला बिघाड एक दिवस आधीं ऐकूं येतो.

सारा हिशेब मांडला तर गाडी व दुरुस्ती मिळून साठ-पासष्ट हजार होतात. तीन लाखांतून हे वजा करतां जें उरतें तें पेट्रोल, जेवण, मुक्काम आणि बिनपगारी रजा यांस पुरून उरेल. म्हणजे ज्या पैशांत आज एक गाडी येते, त्या पैशांत गाडी येऊन शिवाय देशहि पाहून होतो. आमच्या वर्गांतील हजारों तरुणांचीं उमेदीचीं वर्षें "पुढें पाहूं" या दोन शब्दांत निघून जातात. आणि पुढें पाहावयाची वेळ येते तेव्हां गुडघे दुखत असतात, घरांत लहान मूल असतें, आणि गाडी विकून मोटार घेतलेली असते. हें नुकसान कोणत्याहि हप्त्याच्या वहींत लिहिलेलें नसतें.

म्हणून वडील मंडळींस आमची विनंति अशी कीं, गाडीची किंमत विचारून परवानगी देण्याची वा नाकारण्याची पद्धत त्यांनीं सोडून द्यावी. त्याऐवजीं मुलाला किंवा मुलीला एक दिवस अंगणांत बसवून मागचें चाक काढावयास सांगावें. ज्यास पंक्चर काढतां येतें, प्लग बदलतां येतो, तुटलेली तार घालतां येते, त्यास निश्चिंतपणें जाऊं द्यावें. ज्यास येत नाहीं त्यास आधीं तें शिकवावें, आणि मग जाऊं द्यावें.